एकोप्यासाठी नको, नुसतं बघायला जा

दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात आपल्याकडं माणूस कधी जातो ते जरा आठवून बघा. कुठंतरी दगडफेक झाली, वातावरण तापलं, मग शांतता कमिटीची बैठक, मग पीआय साहेब पुढं, मागं चार नगरसेवक, सगळ्यांच्या हातात गुलाबाचं फूल आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. नाहीतर मग नवसाला. मराठवाड्यात गुरुवारी दर्ग्यावर नारळ घेऊन जाणाऱ्या हिंदू बाया काही कमी नाहीत, परभणीच्या तुराबुल हक बाबांच्या उरुसाला सगळ्या जातीधर्माची माणसं लोटतात, ते जाणं जुनं आहे आणि खरं आहे, पण ते मागायला जाणं झालं. काहीही मागायचं नाही, कुणाला काही दाखवून द्यायचं नाही, रविवारी सकाळी रिकामा वेळ आहे म्हणून चप्पल काढून आत जायचं, खांब बघायचे, कमान बघायची, तिथल्या माणसाला दोन गोष्टी विचारायच्या आणि घरी येऊन जेवायचं, हे मात्र आपण करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे करायला पाहिजे, आणि एकोप्याच्या नावाखाली तर अजिबात करू नये.

मी ज्या शहराबद्दल बोलतोय ते मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी वसवलं, औरंगजेबानं सुभेदार असताना १६५३ मध्ये त्याचं नाव बदललं, आणि २०२३ पासून ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. नावावरून भांडायला इंटरनेटवर भरपूर जागा आहे, तिकडं भांडा. मला बोलायचंय ते जुन्या शहराच्या त्या चार-पाच गल्ल्यांबद्दल. गुलमंडीवर सुपारी मारुती, तिथून राजाबाजारात गेलं की संस्थान गणपती, शहराचं ग्रामदैवत, विसर्जनाची मुख्य मिरवणूक इथूनच निघते, त्याच राजाबाजारात जैन मंदिर, धावणी मोहल्ल्यात भाई दयासिंगांच्या नावाचा गुरुद्वारा, पुढं शहागंजची उंच जोत्यावरची मशीद जिच्या पोटात तिन्ही बाजूंनी दुकानं काढलेली आहेत, आणि शाहिस्तेखानानं बांधलेली चौक मशीद. हे सगळं पायी फिरायच्या अंतरात. पार्किंगची कटकट धरून सुद्धा सकाळचे दोन-तीन तास पुरे.

शाहिस्तेखान म्हटलं की आपल्याकडं लहान पोराला पण लाल महाल आठवतो, बोटं आठवतात, चौथीचं पुस्तक आठवतं. पण त्याच खानानं आपल्या शहरात बांधलेली मशीद रोजच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर आहे हे किती जणांना माहितीय? पुण्यात काय झालं ते पाठ, आणि इथं घराजवळ काय उभं आहे ते कोरं. तसंच त्या धावणी मोहल्ल्याच्या गुरुद्वाऱ्याचं. गुरू गोबिंदसिंगांनी औरंगजेबाला फारसीत लिहिलेलं पत्र, जफरनामा, ते पोचवायला भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग १७०५ च्या सुमारास दक्षिणेत आले, तेव्हा त्यांचा मुक्काम औरंगाबादेत होता. नांदेडला आपण सगळे जातो, १७०८ मध्ये गुरूजी तिथं गेले, सचखंड महाराजा रणजितसिंगांनी बांधवून घेतला, हे माहिती असतं. पण नांदेडच्या आधीचा तुकडा आपल्याच शहराच्या एका गल्लीत आहे. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली जत्रा कुणाला माहिती नाही, पण ते पुरं बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाचं, मुघलांच्या चाकरीत असलेल्या राजपुतांच्या छावण्यांपैकी एक, पदमपुरा त्याच्या पोराच्या नावाचा. म्हणजे मराठी माणूस ज्या देवीला ओटी भरतो ती वस्ती वसवली राजस्थानी राजानं, मुघलांच्या लष्करासोबत येऊन. हा इतिहास एका रंगाचा करायचा म्हटलं तर होतच नाही, कुठंतरी दुसरा रंग फुटतोच.

मला म्हणायचंय ते हेच. ह्या शहराचा इतिहास एकाच धर्माच्या जागा बघून कळतच नाही, कारण जागांना पाणी, पैसा आणि कारागीर एकाच ठिकाणाहून गेलेत. पाण्याचंच घ्या. मलिक अंबरनं डोंगरातून जमिनीखालून नहर आणली, नहर-ए-अंबरी, आणि पुढं तशाच अजून नहरी झाल्या. पाणचक्कीला सहा-एक किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या पाइपातून पाणी येतं, उंचावरून हौदात पडतं आणि त्याच्यावर चक्की फिरायची, तिथल्या तकियातल्या, म्हणजे फकिरांच्या मठातल्या, फकिरांचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं धान्य दळायला. ज्यांचा तो तकिया ते बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातले, बुखाऱ्याकडचे. आपण तिकीट काढून आत जातो, पाण्याच्या पडद्यासमोर फोटो काढतो, वडाखाली बसतो, कणीस खातो आणि बाहेर. बाबांच्या दर्ग्याकडं दहातले आठ जण वळत पण नाहीत, अन् चक्की मात्र सगळे बघतात. चक्की का होती ते दर्ग्याशिवाय समजणार कसं?

पैशाचं पण तसंच. निजामाच्या राज्यात उमूर-ए-मजहबी नावाचं खातं होतं, धर्मस्थळांचा कारभार बघणारं, त्यात मशिदी पण आणि देवळं पण. दिवाबत्तीला, पूजाअर्चेला, फातेहाला इनाम जमिनी. मराठवाड्यात कुठल्याही जुन्या देवस्थानाच्या जमिनीचा वाद काढा, जुने कागद उर्दूत निघतात, मग उर्दू वाचणारा माणूस शोधत फिरायचं. वकिलांना विचारा, तेच सांगतील. म्हणजे देवळाचा इतिहास वाचायला मोहल्ल्यात जावं लागतं, हे काही कुणी एकोपा म्हणून ठरवलेलं नाही, कागदच तसा आहे.

आता मुद्दा असा की मग लोक जात का नाहीत. द्वेषामुळं, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. बरेच जण जात नाहीत ते नुसत्या संकोचानं. डोक्यावर रुमाल लागतो का? चप्पल कुठं काढायची, कुणी काही म्हणलं तर? बाईला आत चालतं का? मशिदीत नमाज चालू असताना आपण कुठं उभं राहायचं? जैन मंदिरात कमरेचा चामड्याचा पट्टा चालत नाही हे बाहेर कुणी सांगितलं नाही आणि आत गेल्यावर सांगितलं की माणूस ओशाळतो. गुरुद्वाऱ्यात हा प्रश्न येत नाही, कारण दारातच रुमालांची पेटी असते, पाय धुवायला पाणी असतं, पुढं लंगर असतो, सगळी सोय आधीच लावून ठेवलेली, म्हणून नांदेडला कुठल्याही धर्माचा माणूस बिनधास्त आत जातो. त्याच्यात तत्त्वज्ञान तर आहेच, पण पेटीतल्या रुमालाचं काम पण मोठं आहे.

आणि दुसरं कारण जरा नाजूक आहे. 'हे किती जुनं आहे हो?' हा प्रश्न आता साधा राहिला नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी कुणी हे विचारलं तर मुजावर काय, पुजारी काय, खूश व्हायचा, चहा मागवायचा. आता मोबाइल काढून खांबाचा फोटो घेतला की समोरचा माणूस सावध होतो, हा कोर्टात जाणारा आहे का, यूट्यूबवाला आहे का. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा म्हणतो की १५ ऑगस्ट १९४७ रोजी जी जागा ज्या धर्माची होती ती तशीच राहील, अयोध्या तेवढी वगळून, तरी देशभर 'खाली काय होतं' चे खटले चालू आहेत. अशा हवेत इतिहास विचारणारा माणूस वैऱ्यासारखा दिसतो. पण म्हणून इतिहास विचारायचाच नाही का? मग तो विचारायची मक्तेदारी फक्त खटलेवाल्यांकडं जाईल, आणि ती तशी गेलीच आहे.

दौलताबादच्या किल्ल्यात जाऊन बघा. खिलजी सुलतान कुतबुद्दीन मुबारकच्या काळात, १३१८ च्या सुमारास बांधलेली जामा मशीद, खांब बघितले की लगेच कळतं ते आधीच्या देवळांचे आहेत, आणि १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर तिथं भारतमातेची मूर्ती बसवली, आज ते भारतमाता मंदिर. एकाच अंगणात तिन्ही टप्पे उभे आहेत, झाकलेलं काहीच नाही. पण तिथं सांगणारा माणूस गिऱ्हाईक बघून एकच टप्पा सांगतो, आणि ऐकणाऱ्याला पण तेवढाच हवा असतो. मला तिन्ही ऐकायचेत. देवळं पाडली गेली हे ऐकायला त्रास होत असेल तर होऊ द्या, मशीद होती हे ऐकायला होत असेल तरी होऊ द्या. तेर इथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून गोल आहे कारण ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक सांगतात, ते पण ऐकायचंय.

म्हणूनच तो 'एकोपा' मला नको वाटतो. एकोप्याच्या कार्यक्रमात कुणी अवघड प्रश्न विचारत नाही, सगळे गोड बोलतात, सगळे धर्म एकच शिकवण देतात वगैरे, आणि बाहेर पडलं की जो तो आपल्या ग्रुपवर. आमचे पैठणचे नाथबाबा ह्या बाबतीत जास्त सरळ होते. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं आधी एकमेकांच्या देवाधर्माचं मनसोक्त वाभाडं काढतात, तुमचं हे असं का, तुमचं ते तसं का, आणि सगळं बोलून झाल्यावर मग एकमेकांना नमस्कार करतात. सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि त्यांचे गुरू चांद बोधले, ज्यांना परंपरा सूफी मानते. ही माणसं एकमेकांच्या अंगणात राहत होती म्हणून त्यांना नीट भांडता पण येत होतं. आज आपल्याला नीट भांडता येत नाही कारण समोरच्याचं काहीच माहिती नाही.

आता ज्या बाबतीत सगळ्या धर्मांचं पूर्ण एकमत आहे ती गोष्ट सांगतो. टाइल्स! जुनी मशीद असो, देऊळ असो, दर्गा असो, ट्रस्टकडं चार पैसे आले की पहिलं काम म्हणजे दगडी फरशी उखडून चकचकीत टाइल्स. मग काळ्या दगडाच्या खांबाला ऑइल पेंट, देवळात भगवा नाहीतर पिवळा, दर्ग्यात हिरवा, त्याच्याखाली कोरीव काम बुजून गेलं तरी हरकत नाही. मग स्टीलचं रेलिंग, मग अंगणावर रंगीत पत्रे, मग फॉल्स सीलिंग, देवळात आरतीचा इलेक्ट्रिक नगारा, मशिदीत नमाजाच्या वेळा दाखवणारं लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ, आणि दोन्हीकडं क्यूआर कोड. मी मुद्दाम लक्ष देऊन बघतो, रेलिंगचं डिझाइन सुद्धा एकच असतं, बहुतेक वेल्डिंगवाला पण एकच असेल. हसायला येतं, पण हे फार वाईट चाललंय. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत जे आहे त्याला निदान कायद्याचं कुंपण आहे, शंभर मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढं दोनशे मीटर परवानगीनं. पण शहरातल्या जितीजागती पूजा-नमाज चालणाऱ्या बहुतेक जुन्या जागा कुठल्याच यादीत नाहीत, तिथं ट्रस्टी म्हणतील ते. आणि ट्रस्टीला कुणी सांगतच नाही की अहो हा दगड तीनशे वर्षांचा आहे, हीच तर तुमची श्रीमंती आहे, कारण बघायला कुणी येतच नाही. बाहेरचे लोक बघायला येऊ लागले, खांबापाशी थांबू लागले, तर कदाचित पुढच्या वेळी पेंटचा डबा उघडायच्या आधी कुणीतरी विचार करेल. एकोप्यापेक्षा हा फायदा मला जास्त खात्रीचा वाटतो.

परदेशात असं चालतं का, तर चालतं, पण तिथलं गणित वेगळं आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये फ्लशिंग म्हणून भाग आहे, आपली बरीच पोरं आता तिकडं असतात. तिथं १६५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होता तेव्हा, गावकऱ्यांनी डच गव्हर्नरला लेखी कळवलं की क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आम्ही हाकलणार नाही. त्या क्वेकरांचं १६९४ चं लाकडी सभागृह अजून वापरात आहे, आणि तिथून पायी जाता येईल एवढ्यावर बाऊन स्ट्रीटला १९७७ मध्ये प्राणप्रतिष्ठा झालेलं गणपतीचं देऊळ, ज्याच्या तळघरातल्या कँटीनच्या डोश्याची कीर्ती अमेरिकाभर. शहरातली वास्तुवारसा जपणारी एक संस्था दरवर्षी मे महिन्यात जुनी चर्च, सिनेगॉग आणि इतर प्रार्थनास्थळं लोकांना बघायला उघडी ठेवायला लावते, दारात तिथलेच लोक उभे राहून माहिती देतात. पण हे पण लक्षात घ्या की तिकडच्या कितीतरी जुन्या चर्चमध्ये रविवारी बाकं रिकामी असतात, छत गळतं, दुरुस्तीला पैसा लागतो, म्हणून बाहेरच्याला आत बोलवायची गरज त्यांना आहे. आपल्याकडं गर्दीची कमी नाही, भद्रा मारुतीला शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. आपल्या ट्रस्टींना बाहेरच्याची गरजच वाटत नाही. त्यामुळं तिकडची नक्कल करून सरकारी 'हेरिटेज वीक' काढून काही होणार नाही, फ्लेक्स लागतील फक्त.

भद्रा मारुतीवरून आठवलं. खुलताबादला शहरातून हजारो लोक जातात, हनुमान जयंतीला रात्रभर चालत जातात. तिथून गावात थोडं आत गेलं की बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे चौदाव्या शतकातले दर्गे, त्यातल्या जैनुद्दीनच्या अंगणात औरंगजेबाची उघडी कबर. कबरीवरून देशभर बोंब झाली, २०२५ मध्ये तर किती. पण ज्या सूफीच्या पायाशी पुरून घ्यावं असं बादशहाला वाटलं तो सूफी कोण, हे टीव्हीवर कुणीच विचारलं नाही. मलिक अंबरची कबर पण तिथंच आहे, ज्यानं मुघलांना दख्खनेत आयुष्यभर पाणी पाजलं. तिकडं तर चिटपाखरू नसतं.

आता आक्षेप. पहिला, ही भक्तीची जागा आहे, पिकनिक स्पॉट नाही. एकदम मान्य. रीलवाल्यांना दारातच थांबवा, माझी काही तक्रार नाही. दुसरा, ह्यानं दंगली थांबणार आहेत का? नाही थांबणार. दंगल करणारे वेगळ्या हिशोबानं करतात, त्यात कमानीची माहिती असून नसून सारखंच. तिसरा, आधी त्यांनी यावं मग आम्ही जाऊ. ह्याला उत्तर नाही, हे शाळेतल्या पोरांचं भांडण झालं.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मी टाळू शकत नाही. ज्याच्या आज्याला देवळाच्या पायरीवरून हाकललं त्याला तुम्ही आज म्हणताय या, आमचं हेमाडपंती बघा, किती सुंदर. त्याला ते सुंदर का वाटावं? मराठवाड्यात हे काही पुस्तकातलं नाही, जिवंत माणसांच्या आठवणीतलं आहे. म्हणून अशा फिरण्याची सुरुवात देवळापासून नकोच, बुद्धलेणीपासून करावी असं मला वाटतं. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात, बीबी का मकबऱ्याच्या वर, बारा लेणी आहेत. दसऱ्याला, बुद्धपौर्णिमेला तिथं गर्दी असते, एरवी मकबऱ्याला आलेले लोक वर चढत सुद्धा नाहीत. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर दोन्ही बाजूंना बायका-पुरुष गुडघे टेकून बसलेत, दगडातले, जवळजवळ खऱ्या माणसाएवढे. हात जोडलेले, काहींच्या हातात हार, प्रत्येकाची केसांची रचना निराळी, दागिने निराळे. दीड हजार वर्षांच्या आसपासची ही माणसं, देव नाहीत, राजे असतील-नसतील, दर्शनाला आलेले लोक. बाकी ठिकाणी देव बघायला मिळतो, इथं भाविक बघायला मिळतात. आणि सहाव्या लेण्याशेजारी एक छोटं लेणं आहे, गणपती, सप्तमातृका, दुर्गा, आणि त्याच खोलीत बुद्ध पण. कुणी कुणाच्या जागेत घुसलं, की दोघं मिळून होते, त्याच्यावर चर्चा करायला अभ्यासक बसलेत, आपण आधी बघून तर यावं.

बायकांच्या बाबतीत तर स्पष्टच बोलायला पाहिजे. बऱ्याच दर्ग्यांत आत मजारीपर्यंत बाईला सोडत नाहीत, काही देवळांच्या गाभाऱ्यात नाही, मशिदीत ठिकाणागणिक वेगळं. उलट घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात बाप्यांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं. मला हे नियम पटतात का, सगळे नाही पटत. पण नियम आहे तर तो दारात लिहा, बाई आत गेल्यावर तिला सगळ्यांसमोर मागं पाठवू नका. ह्या एका अपमानामुळं पूर्ण घर परत कधी तिकडं फिरकत नाही.

तर ट्रस्टींकडं माझं मागणं लै मोठं नाही. थंडीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, महिन्यातला एखादा रविवार सकाळी नऊ ते बारा ठरवा, दुपारच्या नमाजाच्या आत आणि सकाळची पूजा आटोपल्यावर. एक जाणता माणूस दारात खुर्ची टाकून बसवा, इंग्लिश नाही आली तरी चालेल, आपली दखनी-मराठी पुरे. आणि एक पाटी लावा, मराठी आणि उर्दूत: बांधणारा कोण, साल माहिती असेल तर साल, आत कुठपर्यंत जाता येतं, बायकांना कुठपर्यंत, डोक्यावर कापड लागतं का, चामडं चालतं का, फोटो कुठं चालतो. 'मोबाइल सायलेंट ठेवा' हे लिहायची गरज नाही, ती पाटी सगळ्यांकडं आधीच लावलेली आहे आणि मोबाइल तरी वाजतातच.